विचारायचं कुणाला?

परवा तिन्हीसांजेला ओळखीतला एक तरुण घरी आला. जयसिंगपूरच्या एका दुकानात तो नऊ वर्षे हिशेब लिहितो आहे. चहा झाला, उसाच्या दराचे बोलणे झाले, पावसाचे झाले. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आण्णा, नोकरी सोडून ट्रॅक्टर दुरुस्तीत शिरावं म्हणतोय. पण विचारायचं कुणाला? घरात विषय काढला तर रडारड, मित्रांत काढला तर थट्टा."

त्याचा प्रश्न ऐकून मी चपापलो, कारण तो कधीकाळी माझाच होता.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचा आमचा शिरोळ तालुका सहकाराचा तालुका. उसाला कारखाना आहे, दुधाला संस्था आहे, पीककर्जाला सोसायटी आहे, अडीनडीला पतसंस्था आहे. म्हैस घ्यायची म्हटली तर सल्ला द्यायला दहाजण धावतील. पण चाळिशीच्या उंबरठ्यावर एखाद्याने कामच बदलायचे ठरवले, तर तो एकटा पडतो. जमिनीचे तुकडे होत चालले, पाण्याच्या अतिरेकाने कितीतरी रान क्षारपड झाले. शेतीवर सगळ्यांचे भागणार नाही हे आपण जाणतो. तरीही धंदा बदलणाऱ्याकडे आपण "ह्याचं डोकं फिरलं" अशाच नजरेने पाहतो.

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेने किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण एकट्या माणसाच्या धाडसाची म्हणून सांगतो. ती तशी आहे का? ते चित्रकला शिकायला मुंबईला गेले. रंगांची पारख नीट होत नाही असे ध्यानात आल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नोकरीत असतानाच ते मुंबईत सायकली घेऊन बेळगावला थोरले बंधू रामूअण्णांकडे विक्रीला पाठवीत. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा पुढचे पाऊल टाकायला जागा तयार होती. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना नांगर विकताना त्यांची कसोटी लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलच्या माळावर जागा दिली, भांडवलाला कर्जही दिले आणि १९१० साली वसाहत उभी राहिली. भाऊ होता, राजा होता, जिवाला जीव देणारे सहकारी होते. धाडस त्यांचे खरेच. पण ते तगले माणसांमुळे.

माझी गोष्ट त्यामानाने चिमूटभर. मी एका सूतगिरणीत हिशेबनीस होतो. पगार थकू लागले तेव्हा वय ४१. उसाच्या आणि भाजीपाल्याच्या रोपांची रोपवाटिका काढावी, असे मनात आले. नोकरी मात्र लगेच सोडली नाही. दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या रोपवाटिकेत फुकट राबलो. कोकोपीट किती ओले असावे, बेण्याचा डोळा कसा निवडावा, हे तिथे कळले. त्या मालकाने पहिल्याच दिवशी बजावले, "आधी गिऱ्हाईक बघ, मग ट्रे घे."

दुसरी मदत एका निवृत्त बँक अधिकाऱ्याची. त्यांनी माझ्या आकडेमोडीवर लाल रेघा ओढल्या आणि म्हणाले, "सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा लिहू नका." राग आला होता, पण त्या सहा महिन्यांनीच पुढे घर तारले.

तिसरी मदत एका शाळासोबत्याची. त्याला रोपांतले काही कळत नव्हते. तो दर रविवारी सकाळी येऊन एवढेच विचारी, "ह्या आठवड्यात काय केलंस?" उत्तर द्यायचे म्हणून तरी मी काहीतरी करीत असे. आमच्या सौ. ते वहीत टिपून ठेवीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. २००५ चा पूर पाहिलेले आम्हीसुद्धा हबकलो. शेडनेट लोळले, ट्रे वाहून गेले. पाणी ओसरल्यावर राहिला तो गाळ आणि त्याचा वास. पुन्हा कुठे तरी नोकरी मागावी, असे ठरवून बसलो होतो. रविवारी सोबती आला. सांत्वनाचा एक शब्द त्याने काढला नाही. विचारले, "ह्या आठवड्यात काय करणार?" मी म्हणालो, "गाळ काढणार." तो धोतराचा काचा मारून फावडे शोधू लागला.

उमेद म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. ती भाषणाने येत नाही. वर्षाचा विचार केला की छाती दडपते. आठवड्याचे काम मात्र आवाक्यात असते. आणि कुणीतरी विचारणारे आहे, ह्या जाणिवेने ते पुरे होते.

सरकारी सोयीही आहेत. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत मोफत शिक्षण मिळते. जिल्हा उद्योग केंद्रात कर्जयोजनांची माहिती मिळते. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना शिकण्याची वाट देत आले आहे. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण कार्यालय अर्ज देते. त्या वाटेने गेलेला माणूस खाचखळगे दाखवतो.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. गावोगावच्या वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. ज्यांनी काम बदलले, त्यांनी तिथे बसावे. ज्यांचे फसले त्यांनी तर आवर्जून बसावे. खर्च काय, एक सतरंजी आणि चहा. हिशेब मांडून एखाद्याने नोकरी न सोडण्याचे ठरवले, तर तीही हार नव्हे. निर्णय अंधारात होऊ नये, एवढेच.

त्या तरुणाला मी सोड म्हटले नाही, सोडू नको असेही म्हटले नाही. ओळखीच्या एका मिस्त्रीकडे त्याला सुट्टीच्या दिवशी पाठवले आणि एक कोरी वही दिली. येत्या रविवारी त्याने येऊन काय केले ते सांगायचे आहे. नाही आला, तर मीच त्याच्या दारात जाईन.