पोपटपंची कोणाची?

मंडळाच्या मागील बैठकीत एका विद्वान मित्रांनी असे प्रतिपादन केले की, आपल्या बोलीत नसलेली प्रार्थना परक्या लिपीतून वाचणे म्हणजे निव्वळ पोपटपंची होय. ईश्वराला सर्व भाषा कळतात. लिपी हे केवळ वस्त्र, ते बदलले तर भक्तीचे काय बिघडते? दाखल्यासाठी त्यांनी कोकणातील बेने इस्राएल समाजाचे नाव घेतले. घरी मराठी बोलणाऱ्यांनी सिनेगॉगमध्ये हिब्रू का वाचावी, असा त्यांचा सवाल. टाळ्याही पडल्या. आम्हांस मात्र हा दाखला त्यांच्याच अंगावर उलटणारा वाटतो.

हिब्रूची अक्षरे २२, आणि ती सारी व्यंजने. स्वरांच्या खुणा मागाहून आल्या; तरी सिनेगॉगमध्ये वाचली जाणारी तोराची चर्मपत्रावरील गुंडाळी आजही त्या खुणांवाचून लिहितात. आपल्या 'क'मध्ये अकार आधीच वसलेला असतो. तेथे स्वर वाचणाऱ्याने आपल्या श्वासातून द्यावयाचा. ज्यास शब्दाची ओळख नाही त्यास ती ओळ उच्चारताच येणार नाही. पोपटास हे साधेल काय? पहिल्या 'आलेफ' या अक्षरास तर स्वतःचा ध्वनीच नाही, आणि दहा आज्ञांचा आरंभ नेमका त्याच मुक्या अक्षराने होतो.

त्या गुंडाळीत तीन लाखांहून अधिक अक्षरे असतात. त्यांतील एक जरी गळाले तरी दुरुस्ती होईपर्यंत ती वाचनास अपात्र ठरते. आमची उमर महसुलाच्या कागदांत गेली. खसऱ्यातील नावात एक मात्रा चुकल्यामुळे वारसांना वर्षानुवर्षे खेटे घालताना आम्ही पाहिले आहे. जमिनीपुरती ही काटेकोरी आपणांस मान्य, आणि ईश्वराच्या नावापुरती ती अंधश्रद्धा?

हिब्रू अक्षरे अंकही दर्शवितात. रीतीप्रमाणे १५ हा अंक दहा आणि पाच यांच्या अक्षरांनी लिहावयास हवा. परंतु ती जोडी ईश्वराच्या नामाचा अंश होते, म्हणून नऊ आणि सहा यांची अक्षरे योजतात. तारीख टाकतानाही हात क्षणभर थबकतो. नशीब सांगणाऱ्या अंकशास्त्राच्या दुकानांशी याची गल्लत कोणी करू नये.

मित्रांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. या समाजापाशी कित्येक शतके ग्रंथ नव्हते, लिपीही विसरली होती, तरी श्रद्धा टिकलीच. खरे आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. परंतु त्या काळात त्यांनी जपले काय? 'शमा इस्राएल' हे हिब्रू शब्द. त्यांचा मराठी आशय सांगून काम भागले असते. तरी त्यांनी तो नादच मुखी धरला.

पुढे अक्षरे लाभताच त्यांनी काय केले तेही पाहावे. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. हेतू धर्मप्रसाराचा होता, समाजाने व्याकरण घेतले आणि तो आपल्या धर्मातच राहिला. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची हागादा निघाली, तीत हिब्रू आणि मराठी दोन्ही, आणि चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत! अर्थासाठी मराठी, अक्षरासाठी हिब्रू. एकीसाठी दुसरीस घराबाहेर काढण्याची गरज त्यांना भासली नाही. आपल्या मराठीतूनच ते पुढे बायबलमधील कथांची कीर्तनेही करू लागले.

आणि आपण तरी लिपीस वस्त्र मानतो काय? ज्ञानदेवांनी ओंकाराच्या तीन मात्रांत गणेशाचे अवयव पाहिले. आमचे हे मित्र स्वतः पत्राच्या माथ्यावर 'श्री' काढतात. त्याऐवजी 'संपत्ती' असे लिहिलेले त्यांचे एकही पत्र आम्हांस आलेले नाही.

आमच्या बालाघाटात मुले हिंदी शाळेत शिकतात. तेथील वर्णमालेत 'ळ' नाही. लिपी देवनागरीच, म्हणून कोणास काही हरपल्यासारखे वाटत नाही. आमचा नातू आरतीच्या वेळी 'टाळ' मागताना 'टाल' म्हणतो. काय हवे ते त्यास पक्के ठाऊक असते, आम्हांसही कळते. आम्ही टाळ हाती धरून ठेवतो आणि त्यास पुन्हा म्हणावयास लावतो.