क्षयरोग आणि प्रतिकारशक्तीविषयीं एक गैरसमज

शरीरांत प्रतिकारशक्ति जितकी अधिक, तितकें क्षयाचें भय कमी, असा पुष्कळ सुज्ञ पालकांचाही समज असतो. आणि याच समजावर बाजारांतील शक्तिवर्धक काढे खपतात. आमच्या मतें हें अर्धसत्य आहे, व क्षयाच्या बाबतींत अर्धसत्य घातक ठरतें.

डॉ. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं उजेडांत आणलेला हा जंतु श्वासावाटें फुप्फुसांत शिरला म्हणजे भक्षक पेशी त्यास गिळतात. इतर बहुतेक जंतू तेथेंच पचून जातात. हा मात्र पेशीच्या पाचक रसांस आपणांपर्यंत पोंचूंच देत नाहीं. पुढें तो आपल्याभोंवतींचें आवरण फोडतो. पेशीनें आपण होऊन शांतपणें मरण पत्करिलें, तर जंतू बहुधा तिच्या अवशेषांतच कोंडले जातात. परंतु ती फुटून मेली, कीं ते मोकळे सुटतात व दाह भडकतो. दाहामुळें नव्या पेशी धांवून येतात आणि त्याही बळी पडतात. फुप्फुसास पोकळी पडते ती अशी. व तींतूनच खोकल्यावाटें रोग दुसऱ्याच्या घरीं जातो.

मग दाह नकोच कीं काय? तसेंही नाहीं. संधिवातासाठीं टीएनएफ-रोधक औषध घेणाऱ्या कांहीं रुग्णांत सुप्त क्षय जागा झाल्याचें २००१ सालीं दिसून आलें. उलट, मेंदूच्या आवरणाच्या क्षयांत नेहमींच्या औषधांबरोबर दाहशामक डेक्सामेथासोन दिल्यास मृत्यु घटतात, असें व्हिएतनामांतील २००४ सालच्या प्रयोगानें दाखविलें. तात्पर्य, प्रतिकार प्रमाणांत असावा लागतो. आणि तें प्रमाण बाटलींतून विकत मिळत नाहीं.

कोणी म्हणेल, मग पौष्टिक अन्नही व्यर्थच? मुळींच नाहीं. झारखंडांत रुग्णांच्या कुटुंबियांस पुरेसें अन्न पुरविलें असतां त्यांच्यांतील क्षय सुमारें ३९ टक्क्यांनीं कमी झाला, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. उपाशी देहाची उणीव भरणें वेगळें, आणि धडधाकट देहास काढे पाजणें वेगळें.

विद्यार्थिमित्रांनो, घरांत कोणाचा खोकला दोन आठवड्यांवर टिकला, तर लाज न धरितां सरकारी दवाखान्यांत बेडका तपासून घेण्याचा आग्रह धरा. औषधें तेथें विनामूल्य मिळतात. तीं ताप उतरल्यावरही, बहुधा सहा महिने, पूर्ण घ्यावीं लागतात. औषध जंतूंस मारतें, परंतु नष्ट झालेलें फुप्फुस परत आणीत नाहीं. म्हणून रोग लपविण्यांत एक आठवडाही घालवूं नये.