श्रमदान चारचौघांत, उपसा एकट्याने

गावागावांत जलसंधारणाच्या कामांसाठी होणाऱ्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड हे गाव राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं मानकरी ठरलं. (हे मोताळा तालुक्यातलं, जिजाऊंचं सिंदखेड राजा वेगळं.) ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवसांची ती स्पर्धा. मला बक्षिसापेक्षा वेगळ्याच गोष्टीचं कौतुक वाटतं. माथ्यावरच्या चरात मुरलेलं पाणी खोदणाऱ्याच्याच विहिरीत उतरेल याची हमी नसते. ते बांध ओळखत नाही. तरी माणसं कुदळी घेऊन येतात, कारण शेजारीही येताना दिसतो. खरी परीक्षा पावसाळ्यानंतर. श्रमदान चारचौघांत होतं, उपसा मात्र रात्रीच्या विजेवर, ज्याचा त्याने. मी थांबलो तर शेजारी उपसेल, या धास्तीने बोअर खोल जातात. आणि धास्ती अगदीच खोटी नसते, हीच पंचाईत. भूजलाचा कायदा २००९चा आहे, पण प्रत्येक बोअरवर पहारा कोण ठेवणार? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली. कोणाच्या वाट्याला किती, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या आणि घाटाखालच्या सरपंचांनी यंदा रब्बीच्या पेरणीआधी एवढा ताळेबंद तरी पंचायतीच्या फळ्यावर लिहावा.