समुद्रावरची रेघ आणि कपाटातली वही

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्याची हद्द आखली गेली. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात. त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापणीचे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना कुणी विचारले नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षे मालवणात ‘अभयारण्य’ म्हटले की माणसे संतापून उठत. हेच रापणकर पर्ससीन नौका आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीविरुद्ध सातत्याने लढत आले आहेत. मासळी टिकावी म्हणून ज्यांचा जीव तुटतो, तेच कागदावर संवर्धनाचे विरोधक ठरले.

ही जुनी जखम आज उघडण्याचे कारण आहे. तशीच रेघ, पण कितीतरी मोठी, पुन्हा ओढली जाणार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे जैवविविधता करारातल्या देशांनी २०३० पर्यंत जगातली ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे ठरवले. भारतही त्यात सामील आहे. ही जमीन मुंबई-पुण्याच्या टॉवरांखालून निघणार नाही. ती सह्याद्रीच्या उतारावरून, खाडीकाठच्या कांदळवनातून, आमच्या किनाऱ्यावरून निघेल. फोंडा घाट एका बाजूला आणि मालवण दुसऱ्या बाजूला, अशा मधल्या जागी बसलेल्या कणकवलीने हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये.

घाटाचा अनुभवही वेगळा नाही. डॉ. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्गातल्या ग्रामसभांनी आमचा भाग संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव आपणहून केले होते. लोकांनीच मागणी केली, असे या देशात किती वेळा घडते? गाडगीळांचे म्हणणे होते की हा अहवाल गावागावांत, गावाच्या भाषेत जावा आणि निर्णय तिथून वर यावा. झाले उलटे. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले, ताज्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर दाखवले, आणि या भागातल्या पंचवीस गावांच्या प्रश्नावर मात्र मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

बाहेरच्या जगात वारे बदलले आहेत, हेही खरे. १९९२ मध्ये रिओत झालेल्या याच जैवविविधता कराराच्या कलम ८ (जे) ने आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या ज्ञानाला मान दिला होता. पण त्यांना बोलण्यासाठी कायमचे व्यासपीठ मिळायला बत्तीस वर्षे लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात कराराच्या परिषदेत अशी स्थायी संस्था मंजूर झाली. पुढची परिषद २०२६ मध्ये येरेवानला आहे. पण त्या सभागृहात पिंगुळीचा ठाकर, घाटावरच्या वाडीतला धनगर, तळाशीलचा रापणकर कसा पोहोचणार? भारताने संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले, मात्र सगळेच भारतीय इथले मूळनिवासी, ही आपली भूमिका कायम आहे. म्हणजे आपल्या वतीने दिल्ली बोलणार. आणि दिल्लीला आपले म्हणणे कळण्याची कायद्याने ठेवलेली एक वाट आहे: गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने लिहायची लोकजैवविविधता नोंदवही.

धोक्याची घंटा इथेच वाजवायची आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीवर ही समिती सोपवली. पहिली चौदा-पंधरा वर्षे बहुतेक देश झोपला होता. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. ती चुकवणाऱ्या राज्याला दरमहा दहा लाखांचा भुर्दंड. बघता बघता देशात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या! बाहेरून आलेल्या माणसांनी दोन दिवसांत भरलेल्या, एका गावाची यादी दुसऱ्या गावाला चिकटवलेल्या वह्यांच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. पहिल्या पावसानंतर कणकवलीच्या बाजारात टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसणाऱ्या बाईला कुठली भाजी कोणत्या आठवड्यात खायची आणि कधी सोडून द्यायची हे माहीत असते. तिला न विचारता लिहिलेल्या वहीला गावाची वही म्हणू नये.

त्यातच २०२३ ची कायदादुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसी प्रकरणात देशी कंपन्यांनीही लाभाचा वाटा स्थानिकांना द्यावा, असा निकाल दिला होता. दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना या वाट्यातून सूट दिली, आणि कायदा मोडणाऱ्याची तुरुंगाची शिक्षा काढून दंड ठेवला. ग्रंथात ते ज्ञान आले कुठून? रातांब्याच्या बियांचे मुठेल पायांच्या भेगांना लावायचे हे आमच्या आज्यांना कुठल्या संहितेने शिकवले नाही. आज तेच कोकम बटर या नावाने सौंदर्यप्रसाधनांत जाते. जे ज्ञान गावाच्या वहीत नाही, त्यावर गावाचा हक्क सिद्ध करणे उद्या अशक्य होईल.

गावाच्या हक्काबद्दल बोलताना, जुन्या गावऱ्हाटीत सगळे आलबेल होते, असा आमचा दावा नाही. देवराईतले झाड तोडण्याआधी देवाचा कौल घेण्याच्या रीतीने कित्येक राया वाचवल्या. पण त्या कौलाला उभे राहणाऱ्या बारापाच मानकऱ्यांत बहुतेक ठिकाणी बाई नव्हती, दलित नव्हता. आता तर देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईच तुटते. कायद्याची समिती या बाबतीत चांगली आहे: तिच्या नियमांनी महिलांना किमान एक तृतीयांश जागा आणि अनुसूचित जाती-जमातींना वाटा दिला होता. तो वाटा नावापुरता भरला गेला असेल, तर आपली जुनी चूक आपणच नव्या कागदावर उतरवली.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कपाटातली नोंदवही बाहेर काढायला सांगा आणि मोठ्याने वाचायला लावा. आपल्या राईचे, पाणवठ्याचे, भाजीचे, मासळीचे नाव त्यात नसेल तर त्याच सभेत ठराव करून घालून घ्या. ज्यांना हे माहीत आहे त्या वाडीवरच्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना पुढे बसवा. ठरावाची नक्कल मात्र सही-शिक्क्यासह मागून घ्या.