सोन्याचा धूर, खेळ बेताचा

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेमवर ज्यांनी बोटे झिजवली, त्यांना मारिओ कोण हे सांगायला नको. लाल टोपीचा, मिशाळ, विटांना खालून धडका देणारा हा गडी १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’पासून घरोघरी पोहोचला. जपानमधल्या क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीने पुढे त्याचे कितीतरी खेळ काढले. त्यातल्या उत्तम खेळांची स्तुती सगळेच करतात, पंचाईत होते ती मधल्यांची. २०१२ साली ‘थ्रीडीएस’ या हातात धरायच्या यंत्रासाठी आलेला ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स २’ हा असाच एक.

यात नवी गोष्ट म्हणजे नाणी. सोनेरी फूल मिळाले की मारिओ अंगभर सोन्याचा होतो आणि त्याने फेकलेल्या गोळ्याने विटांचीही नाणी होतात. सोनेरी कड्यातून गेले की शत्रूसुद्धा सोन्याचे होऊन नाणी सांडू लागतात. लक्ष्य ठेवले आहे दहा लाख नाण्यांचे.

पहिला अर्धा तास मजा येते. पण शंभर नाण्यांना एक जादा जीव, हा या मालिकेचा जुना नियम. त्यासाठीच तर खड्ड्यावर लटकणाऱ्या एकुलत्या नाण्यामागे पोरे उडी घ्यायची. इथे नाणी पैशाला पासरी, म्हणून जीवही तसेच. जुन्या हिशेबाने दहा लाख नाणी म्हणजे १०,००० जीव! मग उडी मारताना छातीत धस्स कसे होणार? आणि एवढे साठवून मिळते काय? खेळ उघडल्यावर दिसणारे पहिले चित्र बदलते, बस.

खेळाचे टप्पे रचताना कंपनीतले जुनेजाणते ताकाशी तेझुका यांनी चक्क ‘मारिओची शिकवणी’ चालवली होती. इतर विभागांतल्या मंडळींना टप्पे कसे बांधायचे ते शिकवले आणि त्यांचेही हात या खेळाला लागले. रचना स्वच्छ आहे, चूक शोधूनही सापडत नाही. पण शिकवणीत पहिल्या आलेल्या मुलाचा निबंध वाचतोय, असे वाटत राहते.

कुंभकोणमच्या डिग्री कॉफीचे नाव मोठे. फिल्टरमधून उतरलेल्या पहिल्या अर्काला तिथे मान असतो. त्याच भुकटीवर पुन्हा पाणी ओतले तर रंग येतो, कस येत नाही. २००६ चा ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’ हा तो पहिला अर्क. २००९ च्या ‘वी’ आवृत्तीने चौघांना एकत्र खेळवून चव राखली. २०१२ मध्ये मात्र काही महिन्यांच्या अंतराने दोन खेळ आले. हा त्यातला पहिला, आणि त्यात साखर सढळ हाताने घातलेली. तरी खप एक कोटी तीस लाख प्रतींच्या वर गेला, ही गोष्ट वेगळी.

पण ‘कॉइन रश’ नावाचा भाग जरूर खेळावा. तीन टप्पे, एकच जीव आणि मागे धावणारे घड्याळ. इथे चुकलात तर संपलात, त्यामुळे तेच नाणे पुन्हा मोलाचे होते. शेपटीने उडणारा मारिओही १९८८ च्या तिसऱ्या खेळातून परत आला आहे. मात्र दोघांना मिळून खेळायचे तर यंत्रे दोन आणि खेळाच्या प्रतीही दोन लागतात, हे खर्चाच्या दृष्टीने लक्षात ठेवावे.

थ्रीडीएसचे उत्पादन २०२० मध्ये थांबले आणि त्याचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले, त्यामुळे आता हा खेळ जुन्या मालातच मिळतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पहिला मारिओ म्हणून चालेल. घरात २००६ चा खेळ आधीच असेल, तर ‘कॉइन रश’पुरता कुणाकडून उसना आणावा.