निधनवार्तेत न मावणारी माणसे

कोणत्याही दैनिकाची जिल्हा पुरवणी उघडा. आतल्या पानावर पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो असतात आणि त्यांच्याखाली जवळपास एकच मजकूर असतो. वृद्धापकाळाने निधन, मनमिळाऊ व धार्मिक स्वभाव, पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार. नाव आणि वय बदलले की बातमी तयार. हा साचा आम्हीही वर्षानुवर्षे वापरत आलो आहोत, हे आधी कबूल केले पाहिजे.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आईच्या निधनाची बातमी द्यायला कार्यालयात आले. सोबत आत्या होत्या. आईचा वेगळा फोटो घरात सापडला नव्हता, म्हणून आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून आणला होता. बातमी लिहून घेणाऱ्याने विचारले, "आई काय करायच्या?" मुलगा म्हणाला, "काही नाही, घरीच असायची." बाकावर बसलेल्या आत्या ताडकन म्हणाल्या, "घरीच? मग बाहात्तरला तळ्याच्या कामावर मातीच्या पाट्या कुणी टाकल्या? तू पोटात होतास तेव्हा." मुलगा आत्याकडे बघतच राहिला. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाला ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली, तीही निधनवार्तेच्या टेबलाशी. छापून मात्र नेहमीचाच मजकूर आला, कारण पानावर जागा तेवढीच होती.

आपल्यातून नुकत्याच गेलेल्या वडीलधाऱ्यांची आठवण कशी ठेवावी, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात आहे. वाटतो तितका तो सोपा नाही.

आधी साच्याची बाजू ऐकून घेऊ. दुःख ताजे असते तेव्हा माणसाला नवे शब्द सुचत नाहीत आणि सुचावेत अशी अपेक्षाही करू नये. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ओळीने पन्नास वेळा उमटतात, त्याची थट्टा करणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात माणूस गेले आहे तो त्या रात्री ते पन्नासही संदेश वाचतो, हेही खरे आहे. दहाव्याला घाटावर होणारी भाषणे असोत, जलदान विधीतील पुण्यानुमोदनाची सभा असो किंवा चाळीसाव्याला जमणारे नातलग असोत, या सगळ्यांचे पहिले काम घरच्यांना आधार देणे हे आहे. चरित्र सांगणे हे त्यांचे काम नव्हे. आपल्याकडे 'मेल्या म्हशीला मणभर दूध' असे कुत्सितपणे म्हणतात. पण पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेल्या लेकीसमोर म्हशीचे खरे दूध मोजायला कोणी जात नाही. त्यात ढोंग कमी असते आणि सभ्यता जास्त.

फ्लेक्सचेही तसेच. चौकाचौकांतल्या श्रद्धांजलीच्या फलकांवर आम्ही अनेकदा टीका केली आहे. बेकायदा होर्डिंगबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट आदेश दिले होते, तरी फलक हटलेले नाहीत. कित्येकदा गेलेल्या आजोबांचा फोटो एका कोपऱ्यात आणि वर ओळीने नेत्यांचे चेहरे, असा तो फलक असतो. महिनाभराने तो फाटून गटारात लोंबकळतो, त्या आजोबांच्या चेहऱ्यासकट. तरीही दुसरी बाजू विसरता येत नाही. एके काळी स्मृतिग्रंथ निघायचा तो इनामदाराचा, पाटलाचा, फार तर एखाद्या नावाजलेल्या मास्तरांचा. आज हमालाचा मुलगाही हजार-दोन हजार रुपये खर्चून बापाचा हसरा फोटो गावाला दाखवू शकतो. ज्या घरातल्या कोणाचेही नाव आजवर गावात कुठे लागले नव्हते, त्या घराला त्या फलकाचे मोल निराळे आहे.

म्हणजे साचा आणि फलक दोन्ही टाकाऊ नाहीत. प्रश्न त्यांच्यानंतरचा आहे. त्यांत माणूस सापडत नाही. तो जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतही सापडत नाही. १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद होते. तिच्यात नाव, वय, ठिकाण, तारीख असते. माणूस गेला एवढे सरकारला कळते, पण तो कसा जगला हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

दुसरी बाजू खरे सांगण्याची. मराठीला ही परंपरा नवी नाही. श्रीचक्रधरस्वामी गेल्यानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' उभे राहिले. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, असे बारीकसारीक तपशील त्यात आहेत. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी वेगळ्या पडल्या, तर तो फरकही नोंदवलेला दिसतो. सांगणाऱ्यांमध्ये बायकाही आहेत. सातशे वर्षांपूर्वी हे जमले. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर असताना आपण पन्नास वेळा एकच वाक्य चिकटवतो.

खरे सांगणे म्हणजे उणीदुणी काढणे नव्हे, हेही आपल्याच वाङ्मयात दिसते. रानड्यांशी लोकमान्य टिळकांचे सामाजिक प्रश्नांवर वर्षानुवर्षे वाद झाले. १९०१ मध्ये रानडे गेले, तेव्हा त्याच टिळकांनी 'केसरी'तून त्यांच्या कामाचे मोठेपण मोकळ्या मनाने मांडले. मतभेद होते म्हणूनच त्या गौरवाला वजन आले. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर त्याहून जवळचे. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांच्या चरित्रासाठी मुलाने आईला आठवणी लिहायला सांगितल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' जन्माला आले. नवऱ्याचा तापट स्वभाव, त्याचे विसरभोळेपण, न सांगता निघून जाणे, यांपैकी काहीच त्यांनी झाकले नाही. पुस्तक वाचून संपते तेव्हा वाचकाच्या मनात रेव्हरंड टिळकांविषयी आपुलकीच उरते. नुसत्या स्तुतीतून ती येत नाही, कारण स्तुतीत माणूस दिसत नाही.

पण इथे थांबून एक हरकत मान्य करावी लागते. लक्ष्मीबाई स्वतःच्या नवऱ्याविषयी लिहीत होत्या. तो अधिकार शेजाऱ्याला किंवा संपादकाला आपोआप मिळत नाही. गेलेला माणूस उत्तर द्यायला उरलेला नसतो. त्याच्या व्यसनाची, बांधाच्या भांडणाची किंवा तुटलेल्या लग्नाची झळ घरात अजून कोणाला तरी लागत असते. वाटणीचा वाद कोर्टात असेल, तर एका भावाने सांगितलेली 'आठवण' दुसऱ्याला आरोप वाटू शकते. गाव लहान असते आणि शब्द लांब जातात. म्हणून घरच्यांचा नकार हा नकार मानलाच पाहिजे.

त्याच वेळी हेही खरे, की माणूस सगळाच घरच्यांचा नसतो. तो भजनी मंडळाचा असतो, दूध संस्थेचा, बचत गटाचा, तालमीचा, कारखान्यातल्या पाळीचा असतो. आईची तळ्यावरची पाटी मुलाला ठाऊक नव्हती, आत्याला होती. फक्त मुलांनाच विचारायचे ठरवले, तर 'घरीच असायची' एवढेच हाती लागते. हे बायकांच्या बाबतीत अधिक घडते. 'अमुक यांच्या मातोश्री' एवढीच बाईची ओळख छापली जाते. माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि लग्नाआधीची अठरा-वीस वर्षे बातमीतून गळून जातात. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. काही बायकांच्या तोंडून त्या ध्वनिमुद्रितही झाल्या. गाणाऱ्यांपैकी कित्येक जणी आज नाहीत, पण त्यांचे शब्द आणि आवाज आहेत. कोणी तरी त्यांना 'म्हणा' असे म्हटले, म्हणूनच हे उरले.

विचारायला वेळही फारसा हातात नाही. १९६१ च्या पानशेत पुरात ज्यांनी पुण्यात गाळ उपसला, ते तेव्हा विशीत असतील तर आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. बाहात्तरच्या दुष्काळात मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन खडी फोडणारे सत्तरी कधीच ओलांडून गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ज्यांची गिरणी सुटली ती सुटलीच, त्यांच्या कित्येक चाळीही आता उरल्या नाहीत. या घटनांचे आकडे सरकारी अहवालांत मिळतील. पण कामाच्या हजेरीला उभे राहताना पायात काय होते, संपाच्या तिसऱ्या महिन्यात घरात काय शिजत होते, हे अहवालात नाही. ते सांगणारी माणसे दर आठवड्याला आमच्या निधनवार्तेच्या रकान्यातून जात आहेत.

करोनाकाळाचे देणे तर वेगळेच आहे. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणे १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत वडीलधारी मोठ्या संख्येने होती. अंत्यविधीला वीसच माणसे, दहाव्याला घरातले चौघे, कित्येकांचे तर मुखदर्शनही नाही. त्या दोन वर्षांत गेलेल्यांविषयी कोणी चार लोकांत बोललेच नाही. आज बोलायला उशीर झाला आहे, पण बोलू नये इतका नाही.

दोन्ही पारडी तोलून आमचे मत असे झाले आहे. पहिले दहा-तेरा दिवस घरच्यांचे. त्या दिवसांत साचा चालेल, स्तुती चालेल, कोणी खरे-खोटे करत बसू नये. मात्र नेत्यांची पाऊण तासाची भाषणे आवरती घ्यावीत आणि घाटावरचा माईक पाच मिनिटे तरी गेलेल्याच्या सोबत्याच्या हाती द्यावा. त्यानंतर वर्षश्राद्धापर्यंतचा काळ तपशिलाचा. घरच्यांच्या संमतीने, घराबाहेरच्या दोघा-तिघांना विचारून, एक-दोन पानांची नोंद करून ठेवावी. तिच्यात विशेषणे कमी आणि कामे जास्त असावीत. 'कष्टाळू' लिहिण्यापेक्षा रोज पहाटे किती म्हशींची धार काढायची ते लिहावे. ज्या गोष्टीने जिवंत माणूस दुखावेल ती गाळावी, पण गाळलेल्या जागी खोटे भरू नये.

ही नोंद ठेवायची कुठे? राज्यात अनुदानित सार्वजनिक वाचनालयेच अकरा-बारा हजार आहेत. गावच्या वाचनालयात एक जाड वही ठेवायला शासन निर्णय लागत नाही. शाळेतली आठवी-नववीची मुले प्रकल्पाच्या नावाखाली आजी-आजोबांना प्रश्न विचारू शकतात. पुण्यस्मरणाच्या जेवणावळीतली एक पंगत कमी केली, तर त्या वहीचा आणि कपाटाचा खर्च निघतो. आणि सगळ्यांत सोपे म्हणजे, माणूस समोर बसलेला असतानाच त्याला विचारावे. 'आजी, तुमचं माहेर कुठलं?' या प्रश्नाने सुरुवात केली तरी पुरे.

सुरुवात आम्ही स्वतःपासून करत आहोत. पुढच्या अंकापासून आमच्या निधनवार्तेच्या अर्जात दोन रकाने वाढवत आहोत. एक, गेलेल्या व्यक्तीने आयुष्यभर काय काम केले, घरातलेही धरून. दुसरा, बाई असल्यास माहेरचे नाव आणि गाव. जागेचा खर्च आमचा. अर्ज भरायला येताना घरातल्या आत्याला किंवा मावशीला सोबत आणावे, ही विनंती.