संमतीचा अंगठा आणि एक तासाची मुदत

सक्तीची नसबंदी म्हटले की आपल्याला आणीबाणी आठवते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुषांची संख्या मोठी होती. तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक तर १९७६ साली आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७७ ला सरकार पडले आणि सक्तीही गेली, असा समज पसरवला गेला. वास्तविक पाहता सक्तीने पुरुषाला सोडले आणि बाईला धरले, एवढेच झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के! पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असताना हे असे आहे.

आता पोलिसांची गाडी येत नाही. आता कागद येतो आणि त्यावर अंगठा घेतला जातो.

हा अंगठा कसा घेतला जातो? ७ जानेवारी २०१२ रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यात कुर्साकांटा येथील एका सरकारी शाळेत रात्री ८ ते १० या वेळात ५३ गरीब स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. शल्यविशारद एक, शस्त्रक्रियेचे टेबल म्हणजे शाळेचे बाक आणि उजेड टॉर्चचा. हिशेब केला तर एका बाईच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे येतात. या वेळात तिला कुणी काय समजावून सांगितले असेल? पुढे ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या खासगी रुग्णालयात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. नियम एका पथकाला दिवसाला ३० चा. तिथल्या शिबिरांमध्ये मिळून किमान १३ स्त्रिया दगावल्या. त्यांत दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय स्त्रियाच प्रामुख्याने होत्या. ज्याने या शस्त्रक्रिया केल्या, त्याचा हजारो नसबंद्यांबद्दल त्याच वर्षी राज्याने गौरव केला होता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. आकड्यालाच जिथे बक्षीस मिळते, तिथे माणूस मोजणार कोण?

बिलासपूरच्या मृतांत बैगा आदिवासी स्त्रीही होती. बैगांची नसबंदी करायची नाही, असा १९७९ चा सरकारी आदेश होता. म्हणजे कागदावर बंदी आणि शिबिरात शस्त्रक्रिया! पण ती बंदी तरी बैगा बाईला विचारून घातली होती काय? तिला मूल नको असेल तर तिने काय करावे? करा म्हणणारे सरकार आणि करू नका म्हणणारे सरकार, दोघांनीही तिला विचारले नाही.

बाबासाहेब संततिनियमनाचे खंदे पुरस्कर्ते होते. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी तसा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. पण त्या मागणीचा रोख साधने आणि माहिती सामान्य माणसाच्या हाती देण्यावर होता, सरकारने कुणाचा देह ताब्यात घेण्यावर नव्हता. नसबंदीला विरोध म्हणजे कुटुंबनियोजनाला विरोध, असे आपल्यातीलही काही शिकलेले लोक बोलतात, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

अररियाचे प्रकरण देविका बिस्वास या कार्यकर्तीने सर्वोच्च न्यायालयात नेले. १४ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. मदन लोकूर आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने निकाल देताना आरोग्याचा आणि प्रजननाचा हक्क अनुच्छेद २१ मध्येच आहे हे मान्य केले. तीन वर्षांत शिबिरे बंद करण्यास आणि आडमार्गाने उद्दिष्टे न लादण्यास सांगितले. माझ्या मते मात्र या निकालातला सर्वांत मोलाचा निर्देश फारच थोड्यांना ठाऊक आहे. तपासणी-यादीतील (चेकलिस्ट) मजकूर बाईला तिच्या भाषेत समजावून सांगायचा आणि सुमारे एक तास तिला विचार बदलण्यासाठी मोकळा ठेवायचा. अंगठ्याला संमतीचा अर्थ येतो तो या तासामुळे.

आपल्या तालुक्यातील शस्त्रक्रियांच्या नोंदीत हा तास कुठे दिसतो का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.